सव्वा मीटर सरकलेली भिंत

आमच्या दाजींना सगळं गाव हविनाळे सर म्हणतं. मी दाजी म्हणतो, कारण माझी थोरली बहीण दानेश्वरी त्यांना दिलेली आहे आणि त्यावर आता काही इलाज नाही. नाव गुरुलिंग. सोलापुराबाहेरच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख. अंगानं उंच, कपाळावर रोज ताजी विभूती, शर्टाच्या खिशाला पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायची सवय. मला विचाराल तर इतका पोकळ माणूस अख्ख्या अक्कलकोट रोडवर दुसरा सापडणार नाही, आणि अक्कलकोट रोड काही लहान नाही.

त्यांची सगळी कीर्ती एका यंत्रावर उभी आहे. ऑसिलोस्कोप म्हणतात त्याला. विजेचा सिग्नल आत घ्यायचा आणि पडद्यावर त्याची लाट काढून दाखवायची, हे त्याचं काम. कॉलेजला अनुदानातून एक भारी ऑसिलोस्कोप मिळाला. आला प्रयोगशाळेसाठी, उतरला दाजींच्या केबिनमध्ये. बहिणीनं त्याला टर्किश टॉवेलच्या कापडाचं कव्हर शिवून दिलं. मुलं त्या यंत्राचा पडदा जर्नलमध्ये पेन्सिलीनं काढतात, तेही मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलवरून. हात लावायची मुभा फक्त सरांना.

यंत्रावर मॅथ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की पडद्यावरच्या लाटेला कॅल्क्युलस लावता येतं. डेरिव्हेटिव्ह घेतलं तर लाट कुठं किती झपाट्यानं बदलतेय ते दिसतं. इंटिग्रल घेतलं तर सुरुवातीपासूनची बेरीज दिसते, क्षणाक्षणाची भर टाकत गेलेली. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो, बारावीच्या पोरांच्या डोक्यात हेच वर्षभर खडूनं भरत असतो. दाजींच्या लेखी ते शिकवणं नव्हे. इंटिग्रल हा शब्द ते असा उच्चारतात, जणू तो त्यांच्या मठातला मंत्र आहे.

यंत्र बसवायला कंपनीचा एक इंजिनिअर आला होता. गरीब स्वभावाचा मुलगा. त्यानं सगळी सेटिंग लावून दिली आणि दाजींना एक गंमत शिकवली. यंत्राच्याच एका खुंटीवरून चौकोनी लाट निघते, ती आत घ्यायची, मॅथ दाबायचं, इंटिग्रल निवडायचं, की चौकोनांचे त्रिकोण होतात. बस्स. त्या दिवसापासून केबिनमध्ये जो येईल त्याला दाजींनी हे त्रिकोण दाखवले. संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांना दाखवले. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांना दाखवले. माझ्या आईला खुर्चीत बसवून दाखवले, ती बिचारी हात जोडून बसली. "बघा, चौकोनाचा डोंगर केला," म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे. त्रिकोण का होतात, हे एकदा मी त्यांना विचारलं. "ते ॲडव्हान्स आहे, सोमेश," म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही सगळे बहिणीकडं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला जमतो, त्याआधी सकाळी कॉलेजात यंत्रांची पूजा असते. पूजेला माझी ना नाही. हत्यार असो की यंत्र, वर्षातून एक दिवस त्याला नमस्कार करण्यात वावगं काही नाही. पण पूजा करताना यंत्र बंद ठेवतात, एवढी साधी रीत आहे. दाजींना फोटो हवा होता. पडद्यावर लाट दिसली पाहिजे म्हणून त्यांनी यंत्र चालू ठेवलं, विभूती पाण्यात कालवली आणि तीन बोटांनी यंत्राच्या पुढच्या अंगावर झोकात तीन पट्टे ओढले. खालचं बोट डिफॉल्ट नावाच्या बटणावरून गेलं. पडदा एकदा लुकलुकला. कंपनीच्या पोरानं लावलेली सगळी सेटिंग पुसली गेली आणि यंत्र कारखान्यातून निघालं तसं कोरं झालं. दाजी कॅमेऱ्याकडे बघत होते.

दिवाळीनंतर मी त्यांच्या केबिनमध्ये काही कामानं गेलो, तेव्हा एक पाहुणे बसलेले होते आणि डोंगराचा खेळ चालू होता. या खेपेला डोंगर झालाच नाही. इंटिग्रलची रेघ पायऱ्या चढत चढत वर गेली आणि पडद्याच्या बाहेर निघून गेली. दाजींनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "हा ग्रोथ मोड," म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "दाजी, तुमचा शून्य हलला आहे. पारड्याला चिंच चिकटलेल्या तराजूसारखं झालं. एका वजनाला गुंजभर फरक, कळतही नाही. पण दिवसभराच्या वजनांची बेरीज केली तर शेरभर खोटा माल होतो. इंटिग्रल बेरीजच करतंय. आधी शून्य बसवा."

"तू बारावीला शिकवतोस ना?" दाजी म्हणाले.

"हो."

"मग बारावीलाच शिकव."

बहिणीचा नवरा पडला. चहा पिऊन उठलो आणि जिना उतरताना मनातल्या मनात त्यांना जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. फुगलेला माणूस स्वतःच्या केबिनमध्ये फुगून बसला तर जगाचं काय बिघडतं? पण चंद्रव्वाची भिंत मध्ये आली.

चंद्रव्वा ही कुंभारीच्या पुढं कामगारांची एक वसाहत आहे तिथली. नवरा नाही, मुलगी लांब केम गावात दिलेली. एकटी बाई कडक भाकरी करते आणि गठ्ठे बांधून शहरात घरोघरी पोचवते. बहिणीकडं तिची भाकरी कित्येक वर्षं येते. पापडासारखी पातळ, बोटानं मोडली तर टणकन वाजणारी. तिची चूल घराच्या ज्या भिंतीला लागून आहे, त्या भिंतीच्या पलीकडं इंद्रजीत नावाच्या माणसाचा कारखाना. हा मूळचा टेंभुर्णीचा, इथं येऊन टॉवेलचे माग टाकले. मागांची एक रांग त्यानं थेट चंद्रव्वाच्या भिंतीला खेटून बसवली होती.

"अक्का, भित लई हालतीया," ती बहिणीला म्हणाली. "फळीवरची भांडी खाली येत्यात. चुलीच्या वर येवडी भेग पडलीया, बोट जातंय. त्येला म्हनलं, ती रांग तेवडी पल्याड सरकिव. तर त्यो हसतोय."

"कमिटीला सांगितलंस का?"

"सांगिटलं की. ईश्वरप्पा म्हनत्यात, भित हालतीया ह्याचा कागुद आन. मोठ्या सायबाचा, शिक्क्याचा. मंग त्येला रांग हलवाय लावतो."

ईश्वरप्पा म्हणजे वसाहतीच्या कमिटीचे अध्यक्ष. वाईट माणूस नव्हता. एक कागद हवा होता त्याला, इंद्रजीतच्या तोंडावर टाकायला. आणि बाईला हवी होती एक भिंत, जिच्या आडोशाला ती भाकरी भाजू शकेल. ही एवढीच गोष्ट होती सगळी.

बहिणीनं दाजींना गळ घातली. दाजी तयार झाले, कारण त्यात बातमी होती. दोन दिवसांत त्यांनी एका वार्ताहराला सांगून ठेवलं, यंत्राचं टॉवेल कव्हर धुऊन घेतलं आणि मला सोबत घेतलं, कारण यंत्र जड असतं.

भिंतीचा कंप मोजायचा तर रीत अशी. भिंतीवर एक छोटा सेन्सर चिकटवायचा. तो भिंतीला बसणाऱ्या धक्क्याचा, म्हणजे त्वरणाचा सिग्नल देतो. त्याचं एकदा इंटिग्रल घेतलं की वेग येतो, दुसऱ्यांदा घेतलं की भिंत किती सरकली ते येतं. गणित सरळ आहे. पण मूळ सिग्नलमध्ये शून्याची गुंजभर चूक असेल तर पहिल्या बेरजेत ती शेरभर होते आणि दुसऱ्या बेरजेत पोतंभर. म्हणून आधी शून्य बसवतात, संथ वाहणारी चूक गाळून टाकतात, मग बेरीज करतात. कंपनीच्या पोरानं ते सगळं लावून ठेवलं होतं. विभूतीच्या बोटानं ते गेलं होतं.

चंद्रव्वानं अंगण सारवून ठेवलं होतं. वसाहतीतल्या बाया दारात जमल्या. दाजींनी भेगेच्या बाजूला सेन्सर चिकटवला, यंत्र कॉटवर ठेवलं आणि गाडीतल्या बॅटरीवरून इन्व्हर्टरनं चालू केलं. पलीकडं माग धडधडत होते. भांड्यांची फळी डोळ्यांना दिसेल अशी थरथरत होती. मी भेगेत बोट घातलं तर विटेचा थरकाप नखापर्यंत आला. त्या भिंतीचं दुखणं कळायला खरं तर यंत्राचीही गरज नव्हती.

दाजींनी मॅथ दाबलं. एकदा इंटिग्रल, दोनदा इंटिग्रल. रेघ उठली आणि वर चढत गेली, घाटातल्या ट्रकसारखी, न थांबता. दहा सेकंदांत पडद्याच्या माथ्याला लागली. दाजींनी आकडा वाचला.

"सव्वा मीटर."

"काय सव्वा मीटर?" मी विचारलं.

"भिंतीचं विस्थापन."

मी भिंतीकडे बघितलं. भिंत जिथल्या तिथं होती. तिच्यावर बसवेश्वरांचा फोटो होता, तोही जिथल्या तिथं. सव्वा मीटर सरकली असती तर आम्ही सगळे इंद्रजीतच्या कारखान्यात जाऊन पडलो असतो.

तेवढ्यात लाइट गेली. वसाहतीत ती दुपारी जातेच. पलीकडचे माग एकदम थांबले, इतकी शांतता झाली की चुलीतली काटकी वाजलेली ऐकू आली. भांडी थांबली. पण यंत्र बॅटरीवर होतं आणि खालून नव्यानं सुरू झालेली रेघ चढतच होती. त्याच चालीनं, त्याच घाटानं.

मी हलक्या आवाजात म्हणालो, "दाजी, माग बंद आहेत. आता भिंत कोण हलवतंय? शून्य चुकलाय. इथंच बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. माग चालू असताना लाट आणि बंद असताना सरळ रेघ, एवढं दाखवलं तरी कमिटीला पुरेल."

दाजींनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलं. "भिंतीत कंप साठलेला असतो," ते म्हणाले. "तो आता बाहेर पडतोय."

वार्ताहर ते लिहून घेत होता. चंद्रव्वानं हात जोडले. शिकलेला माणूस आपल्या बाजूनं बोलतोय, एवढंच तिला दिसत होतं, आणि त्यात तिची काय चूक? तिनं आम्हाला शेंगाचटणी आणि भाकरी बांधून दिली. दाजींनी ती गाडीत खाल्ली. माझी मी तशीच बांधलेली ठेवली.

"यंत्रानं पकडली भिंतीची चाल" अशी बातमी आली, शेजारी दाजींचा फोटो. रिपोर्ट कॉलेजच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, शिक्क्यासह गेला. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात कमिटी बसली. वसाहतीच्या समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या, एका बाजूला चंद्रव्वा, एका बाजूला इंद्रजीत. इंद्रजीतनं रिपोर्ट आधीच कुणाकडून तरी वाचून घेतला होता. तो उठला, खिशातून टेप काढला आणि ओढून धरला.

"सर, तुमचं सव्वा मीटर ह्ये येवढं हुतंय. बराबर?"

"बरोबर," दाजी म्हणाले.

"म्हंजी धा सेकंदात भित माज्या कारखान्यात येती, आन परत म्हातारीच्या घरात जाती. मंग माजी मान्सं मधी चेंगरत कशी न्हाईत?"

समाजमंदिर हसलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ईश्वरप्पांनी मान खाली घातली.

इथं तरी माणसानं म्हणावं की थांबा, माझ्या मोजणीत काहीतरी गडबड आहे, मी उद्या परत येतो. कुणी फासावर दिलं नसतं. ईश्वरप्पांनी तर आडून वाटही करून दिली, "सर, परत एकदा मोजायचं का? आमी थांबतो की." मी शेजारी बसलो होतो, मी गुडघ्यानं त्यांना ढोसलं.

दाजी उभे राहिले. "मोजणी इंटिग्रलनं झालेली आहे," ते म्हणाले. "ती चुकत नसते. हे सरकणं सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसणारं नाही."

"व्हय, आमी सामान्यच," इंद्रजीत म्हणाला आणि लोक पुन्हा हसले.

त्या हसण्यात चंद्रव्वाची खरी भेग वाहून गेली. कमिटीनं लिहिलं की तक्रारीत तथ्य दिसत नाही. त्या दिवसापासून वसाहतीतली पोरं तिच्या घराला चालत्या भिंतीचं घर म्हणू लागली. ती बहिणीकडं भाकरी घेऊन आली तेव्हा नेहमीसारखी बसली नाही. "अक्का, सरांनी चांगलंच केलं," म्हणाली. "पर लोकं का हसली, त्ये मला कळलं न्हाई." बहीण आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

महिन्याभरानं कंपनीचा तो गरीब स्वभावाचा इंजिनिअर वर्षाच्या तपासणीला आला. त्यानं यंत्र चालू केलं आणि लगेच ओळखलं. "सर, सेटिंग उडालेली आहे. या अवस्थेत इंटिग्रल घेतलं नाही ना कशाचं? सगळं वाहत जाईल." मी तिथंच होतो, मुद्दाम गेलो होतो. त्यानं शून्य बसवला, गाळणी लावली, चौकोन आत घेतले आणि त्रिकोणांचा डोंगर पडद्यावर पुन्हा उभा राहिला. दाजींनी तो डोंगर बघितला. त्यांना सगळं कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

इंजिनिअर गेल्यावर मी म्हणालो, "दाजी, आजच जाऊ. मी यंत्र उचलतो. नवा कागद द्या, ईश्वरप्पा घेतील."

"आणि जुन्या कागदाचं काय?"

"चुकला म्हणून लिहा."

"शिक्का आहे त्याच्यावर," दाजी म्हणाले. "पेपरात फोटो आला आहे. विभागप्रमुखाची मोजणी चुकली असं मी लिहून देऊ? मुलांसमोर कसा उभा राहू?"

मुलांसमोर! ज्या मुलांना यानं कधी यंत्राला हात लावू दिला नाही, त्या मुलांसमोर. अडाणीपणाचा मला राग येत नाही, मी रोज चाळीस अडाण्यांना शिकवतो. पण चूक कळल्यावर तिच्यावर कव्हर घालणाऱ्या माणसाची मला किळस येते. त्या दिवशी मी त्यांना तोंडावर तसं बोललो. दाजींनी टॉवेलचं कव्हर यंत्रावर ओढलं आणि कडा नीट दुमडल्या.

मी एकटा ईश्वरप्पांकडं गेलो. ते म्हणाले, "गुर्जी, तुमचं पटतंय की. पर ज्या सरांनी आदी लिवलं, त्येंचाच कागुद लागंल. न्हाईतर इंद्रजीत म्हनंल, म्हातारी नवनवी मान्सं आनतीया." बहिणीनंही दाजींशी बोलणं टाकून पाहिलं. दाजींना ते बरंच वाटलं असावं, घरात शांतता झाली.

मार्च संपता संपता, भर दुपारी, भिंत पडली. चंद्रव्वा तेव्हा घरात नव्हती. ती आमच्या बहिणीच्या ओट्यावर भाकरीचा गठ्ठा सोडत होती. ज्या माणसामुळं तिची भिंत गेली, त्याच्याच घरी भाकरी पोचवायला आली म्हणून ती वाचली, हा हिशेब मला अजून सोसत नाही. शेजाऱ्याचा फोन आला आणि आम्ही सगळे गाडीत बसून गेलो. चुलीवर विटांचा ढीग होता. फळी, भांडी, बसवेश्वरांचा फोटो, सगळं त्याखाली. पलीकडं इंद्रजीतचे माग उघडे पडलेले, आणि तो त्यांच्यावरची माती झटकून घेत होता.

दाजी ढिगाजवळ गेले. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल. त्यांनी इंद्रजीतकडून टेप मागून घेतला. पायापासून मोजायला सुरुवात केली आणि जिथवर विटा येऊन पडल्या होत्या तिथवर टेप ओढला. मग माझ्याकडे वळले. माझ्याकडे, भिंतीकडे नव्हे, कारण भिंत उरली नव्हती.

"सव्वा मीटर," ते म्हणाले. "बघून घे, सोमेश. मी तेव्हाच सांगितलं होतं."

त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. बहीण गाडीतून उतरलीच नाही.

चंद्रव्वा विटा बाजूला करून तवा शोधत होती. तिनं मान वर केली. "सायेब," ती म्हणाली, "मंग आता तुमचं मशीन परत आना की. खरं किती हालती त्ये मोजून द्या, म्हंजी नवी भित बांदायच्या आदी ह्यो रांग हलविल."

दाजींनी टेप गुंडाळला, इंद्रजीतला परत दिला आणि हात झटकले.

"आता कसं मोजणार?" ते म्हणाले. "सेन्सर लावायला भिंत कुठं आहे?"

उभ्या जन्मात दाजी पहिल्यांदा बरोबर बोलले होते. चंद्रव्वा पुन्हा खाली वाकून विटा काढू लागली. मी तिच्या शेजारी बसलो. तवा सापडला, पण मधोमध चिरलेला होता.